मोनो रेकॉर्ड: इअरफोनवर गाणं, स्पीकरवर नुसती खरखर. असं होत असेल तर हे तपासा

आत्याचा फोन आला तेव्हा मी मोठ्या खुशीत होतो. दोन आठवडे रात्री जागून आजोबांच्या रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या, त्यातल्या चार-पाच घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या, म्हटलं आता सगळ्यांचे अंगठे येतील, आणि आत्या संगमनेरहून विचारतेय, "अरे हे काय पाठवलंस? नुसता भजी तळल्याचा आवाज येतोय, गाणं कुठंय?"

मी परत लावून बघितलं. माझ्या हेडफोनवर गाणं अगदी स्वच्छ. आत्याला म्हटलं फोनमध्येच काहीतरी असेल. मग तिच्या नातवाने त्याचा इअरफोन लावून दिला तर तिलाही ऐकू आलं. इअरफोन घातला की गाणं, काढला की भजी. भाची म्हणाली व्हॉट्सॲप फाइल खराब करतं, चुलतभाऊ म्हणाला रेकॉर्डच झिजली असणार, आणि मी दोघांवरही विश्वास ठेवून एक अख्खा रविवार वाया घालवला.

खरं कारण हेडशेलमध्ये (टर्नटेबलच्या दांडीच्या टोकाचं, सुई बसवायचं छोटं घर) होतं आणि ते मीच करून ठेवलं होतं. हा घोळ दिसतो त्यापेक्षा बराच कॉमन आहे, जुनी गाणी कुणीतरी "कन्व्हर्ट करून दिलीयत" आणि ती मोबाइलवर पोकळ वाटतात ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मोनो म्हणजे काय ते थोडक्यात, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलते, डावीकडे-उजवीकडे. गाणं सगळं त्या आडव्या हालचालीत. स्टिरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या १९५८ च्या सुमाराला, त्यात ग्रूव्हची, म्हणजे रेकॉर्डवरच्या खाचेची, प्रत्येक भिंत ४५ अंशात आणि एकेका भिंतीवर एकेक चॅनल (डावा किंवा उजवा आवाज), त्यामुळे स्टिरिओच्या सुईला वरखालीसुद्धा हलावं लागतं. आता मोनो रेकॉर्ड स्टिरिओ कार्ट्रिजवर (सुई ज्यात बसते आणि तिच्या हालचालीचा विजेचा सिग्नल होतो तो भाग) लावली की गाणं दोन्ही चॅनलमध्ये सारखंच येतं, पण धूळ, ओरखडे, ग्रूव्हचा तळ खरवडल्याचा आवाज यातलं बरंचसं सुईला वरखाली हलवतं, आणि ते दोन्ही चॅनलमध्ये एकमेकांच्या उलट येतं. म्हणून ॲम्पवरचं मोनो बटण दाबलं, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र केले, की गाणं गाण्यात मिळतं आणि ती वरखालीची खरखर एकमेकीला खाऊन टाकते. फुकटात खरखर कमी. हे बटण म्हणजे मोनो ऐकणाऱ्यासाठी सगळ्यात कामाची वस्तू आणि हल्लीच्या ॲम्पवर नेमकं तेच नसतं.

आता माझ्याकडे काय झालं बघा. कार्ट्रिज सेकंडहँड घेतलेलं, मागच्या चार पिनांचे रंग पार पुसट झालेले. हेडशेलच्या तारांचे रंग ठरलेले असतात: पांढरी डाव्या चॅनलची, निळी तिची ग्राउंड, लाल उजव्या चॅनलची, हिरवी तिची ग्राउंड. मी रात्री साडेदहाला, चष्मा कपाळावर ठेवून, लाल आणि हिरवी यांची अदलाबदल करून मोकळा झालो. तेवढ्याने काही बंद पडत नाही, दोन्ही बाजूंनी आवाज येतो. फक्त उजवा चॅनल उलटा होतो. म्हणजे डावीकडे लाट वर जाते तेव्हा उजवीकडे खाली. मग दोन्ही एकत्र केले की काय होणार? गाणं गाण्याला खाणार आणि खरखर खरखरीत मिळणार. बरोब्बर उलटा न्याय. आत्याचा फोन साधा आहे, त्याला एकच स्पीकर, तो दोन्ही चॅनल आपणहून एकत्र करून वाजवतो. म्हणून तिला भजी, आणि इअरफोनमध्ये दोन कानांना दोन वेगळे चॅनल जातात म्हणून तिथे गाणं शाबूत.

सगळ्यात वाईट वाटलं ते हे की लक्षणं आधीपासून समोर होती. द. वि. पलुसकरांची एक एलपी आहे घरी, जन्मच नाशकातला त्यांचा, १९२१ चा, त्यामुळे आजोबांना त्यांचं फार होतं, आणि ते १९५५ साली गेले म्हणजे स्टिरिओ रेकॉर्डी यायच्या आधीच, तेव्हा त्यांचं गाणं आपण ऐकतो ते मोनोच. ती एलपी लावली की आवाज समोरून यायच्या ऐवजी असा पसरल्यासारखा, डोक्याच्या मागून आल्यासारखा वाटायचा. तबला चपटा. थोडी घूं पण यायची. मी बायकोला म्हणत होतो बघ काय स्टिरिओ इफेक्ट येतोय. मोनो रेकॉर्डला कसला डोंबलाचा स्टिरिओ इफेक्ट. (घूंचं कारण पण तेच निघालं, काही कार्ट्रिजमध्ये एक ग्राउंड पिन पत्र्याने बॉडीला जोडलेली असते, तिथे जिवंत तार लावली की घूं करणारच.)

तर टेस्ट अशी करायची. खात्रीची मोनो रेकॉर्ड लावा, ॲम्पला मोनो बटण असेल तर ते दाबा आणि काढा. दाबल्यावर आवाज भरीव झाला, मध्ये गोळा झाला, खरखर कमी झाली तर तुमचं सगळं ठीक आहे, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. दाबल्यावर गाणं विहिरीच्या तळाशी गेल्यासारखं झालं तर कार्ट्रिजच्या तारा उलट्या आहेत. दाबून काहीच फरक पडत नाही, पण तरीही आवाज मध्ये येत नाही आणि बेस नाही, तर घोळ स्पीकरच्या मागे आहे, एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्यात. याची खात्री करायला दोन्ही स्पीकर उचलून तोंडाला तोंड लावून ठेवा, चार बोटांचं अंतर, आणि वाजवा. बेस गायब झाला तर एका स्पीकरच्या तारा बदलायच्या. दिवाळीत साफसफाईसाठी स्पीकर काढून परत लावलेत अशा निम्म्या घरांत हे सापडेल, माझी पैज.

मोनो बटण नसेल तर आवाज फोनवर रेकॉर्ड करू नका, काही कळणार नाही. लाइन-इनमधून कॉम्प्युटरवर घ्या आणि ऑडॅसिटीत बघा. ऑडॅसिटी फुकट आहे. झूम करून दोन्ही चॅनलच्या लाटा एकाखाली एक दिसतात, वरची जिथे डोंगर तिथे खालची दरी असेल, आणि असं सगळीकडे असेल, तर झालं निदान.

तारा दुरुस्त करणं दहा मिनिटांचं काम पण हात हलका पाहिजे. ॲम्प बंद. सुईवर टोपी. हेडशेल निघत असेल तर काढूनच घ्या, टेबलावर पांढरा कागद अंथरा, उजेड नीट घ्या. तारा केसाएवढ्या बारीक असतात आणि टोकाला छोटी पितळी टोपणं, ती टोपणं चिमट्याने धरून ओढायची, तार धरून कधीच नाही. पक्कड तर नकोच. टोपण सैल वाटलं तर टूथपिक आत ठेवून बाहेरून किंचित दाबायचं. पिनांचे रंग दिसत नसतील तर त्या मॉडेलचा पिनांचा फोटो शोधा, अंदाजाने लावू नका, अंदाजाने लावलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आणि आधीच रेकॉर्ड करून ठेवलेल्या फाइली? त्या परत करायची गरज नाही, हे कळल्यावर मला रडूच यायचं बाकी होतं, चाळीस बाजू झाल्या होत्या. ऑडॅसिटीत ट्रॅकच्या नावावर क्लिक करून स्टिरिओचे दोन मोनो ट्रॅक करायचे, त्यातला एक निवडून इन्व्हर्ट इफेक्ट द्यायचा, म्हणजे लाट उलटी होते, मग दोन्ही मिक्स करून एक मोनो ट्रॅक. पाच सेकंदांचं काम. मिक्स करायच्या आधी दोन्हींची पातळी सारखी करून घ्या, एक चॅनल मोठा आणि एक बारीक असेल तर खरखर पूर्ण जात नाही.

इथे एक पोटभेद. कधी कधी दोन्ही मिसळण्यापेक्षा एकच चॅनल ठेवलेला बरा. डावा चॅनल म्हणजे ग्रूव्हची आतली भिंत, लेबलच्या बाजूची, आणि टोनआर्म (सुईची दांडी) स्वभावतः आत ओढला जातो, त्यामुळे जुन्या जड सुयांनी बऱ्याच रेकॉर्डींची एक भिंत जास्त खाल्लेली असते. दोन्ही चॅनल वेगवेगळे ऐका. एकात आवाज फाटत असेल आणि दुसऱ्यात नसेल तर फाटका फेकून द्या, सरळ.

तसंच खोट्या स्टिरिओचं. साठच्या दशकात स्टिरिओची हवा आली तेव्हा कंपन्यांनी जुनी मोनो रेकॉर्डिंग घेऊन एका बाजूला बेस, एका बाजूला ट्रेबल, थोडा उशीर, असलं काहीतरी करून स्टिरिओ म्हणून विकली. कव्हरवर बारीक अक्षरात "इलेक्ट्रॉनिकली" असं काही छापलेलं असतं. असली रेकॉर्ड मोनो केली की आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, कारण उशिराने आलेली लाट आधीच्या लाटेतले तुकडे खाते. तिथे तुमच्या तारांचा दोष नाही, उगाच हेडशेल उघडू नका. एकच चॅनल ऐका, जो बरा वाटेल तो.

मोनो बटण नाही त्यांनी काय करायचं? वाय केबल. दोन आरसीए प्लग (टर्नटेबलच्या तारांच्या टोकांना असतात ते) एकत्र येऊन एक होतात ती, आमच्या नाशकात एमजी रोडवर कुठल्याही केबलवाल्याकडे मिळते. टर्नटेबलच्या दोन्ही तारा त्यात घालायच्या आणि तिचं एक टोक ॲम्पवरच्या फोनोच्या, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या, डाव्या इनपुटला. एकच चॅनल, एकच स्पीकर, काम झालं. साध्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला हे चालतं. पण टर्नटेबलमध्येच प्रीॲम्प (सुईचा बारीक सिग्नल वाढवणारा) असेल (मागे फोनो-लाइनचा खटका असतो) आणि तो लाइनवर असेल तर दोन आउटपुट असे थेट एकमेकांना जोडू नका, प्रत्येक तारेत एक ते दहा किलोओहमचा एकेक रेझिस्टर टाकून मग जोडा, नाहीतर दोन आउटपुट एकमेकांशी भांडत बसतात. आणि ॲम्पच्या स्पीकर टर्मिनलला हा प्रयोग कोणी करू नका प्लीज. ॲम्प जाईल.

मोबाइलवर ऐकणाऱ्यांसाठी: अँड्रॉइड, आयफोन दोन्हींत ॲक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ म्हणून सेटिंग असतं, विंडोजमध्येही आहे. एका कानात गाणं आणि एका कानात शांतता अशा ज्या फाइली फिरत असतात त्यांना हा उपाय. आणि ती टेस्टसुद्धा आहे, मोनो ऑन केल्यावर गाणं गायब झालं तर ज्याने कन्व्हर्ट केलं त्याच्या तारा उलट्या आहेत असं त्याला प्रेमाने कळवा.

आता सुईबद्दल. लाखेची ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी) तबकडी एलपीच्या सुईने वाजवू नका, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. ७८ चा ग्रूव्ह रुंद असतो, त्याला सुमारे ७५ मायक्रॉनची सुई लागते. मोनो एलपीची २५ मायक्रॉनच्या आसपास, स्टिरिओची साधारण १८. बारीक सुई ७८ च्या ग्रूव्हच्या तळाशी जाऊन कचऱ्यात फिरते आणि म्हणून तो भयंकर सळसळाट येतो, रेकॉर्ड खराब आहे म्हणून नाही. ऑडिओ-टेक्निका आणि ऑर्टोफोन दोघांच्याही ७८ साठीच्या सुया मिळतात, वजन मात्र जास्त ठेवावं लागतं, माझी ५ ग्रॅमला चालते. उलट दिशेने, चावीच्या ग्रामोफोनच्या लोखंडी पिनेखाली एलपी कधीच ठेवू नका, एका फेरीत संपेल. खास मोनो कार्ट्रिजही मिळतात, छान असतात, पण ज्याच्याकडे वीस-तीस मोनो रेकॉर्डी आहेत त्याने आधी बटण आणि तारा नीट कराव्यात, बाराएक हजार नंतर घालवता येतात.

७८ वर आवाज दबलेला, कांबळ्याखालून आल्यासारखा वाटत असेल तर तेही नॉर्मल आहे. आजच्या फोनोमध्ये आरआयएए नावाचं बेस-ट्रेबल चढवण्या-उतरवण्याचं जे गणित असतं ते ठरलं १९५४ मध्ये, त्याआधी प्रत्येक कंपनीचं वेगळं, आणि ७८ वर ट्रेबल तितका चढवलेला नसायचा जितका आजचा फोनो उतरवतो. ट्रेबलचा खटका बिनधास्त वर करा, त्याला शुद्धतेचं पाप लागत नाही.

धुण्याबद्दल एकच: लाखेच्या तबकडीला स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर काही लावायचं नाही. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, एक थेंब भांड्याचा साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडं, लगेच पुसायचं. आमच्याकडे पंचवटीतल्या वाड्यात रेकॉर्डी माळ्यावर होत्या, पावसाळ्यात भिंतीला ओल यायची, त्यामुळे निम्म्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. खरखर समजून ज्याला मी शिव्या देत होतो त्यातलं बरंच नुसत्या धुण्याने गेलं.

एक स्पीकर की दोन यावर आमच्याकडे वाद आहे. माझं मत एक. दोन स्पीकरमधून मोनो वाजवलं की आवाज मध्ये आल्याचा भास होतो, पण प्रत्येक कानाला जवळच्या स्पीकरचा आवाज आधी आणि लांबच्याचा किंचित उशिरा पोहोचतो, त्यात २००० हर्ट्झच्या आसपासचा थोडा भाग खाल्ला जातो, आणि गाणाऱ्याचे शब्द नेमके तिथेच असतात. एका स्पीकरला ही भानगड नाही. मी उजवा स्पीकर काढून ठेवला, डावा कोपऱ्यातून दोन फूट पुढे आणला, स्टुलावर ठेवला, कानाच्या उंचीला. पहिल्या मिनिटाला वाटतं काहीतरी हरवलंय. पाचव्या मिनिटाला गाणारा माणूस खोलीत एका जागी बसलाय असं वाटायला लागतं आणि मग दुसरा स्पीकर परत लावावासा वाटत नाही. बायकोला मात्र दोनच आवडतात, तिचं म्हणणं स्वयंपाकघरात एकाचा पोहोचत नाही, आणि तेही खरंय. दोन ठेवायचे तर तुमच्यापासून दोन्ही सारख्या अंतरावर, टेप लावून मोजा. ॲम्प व्हॉल्व्हचा असेल तर स्पीकर काढून टर्मिनल मोकळं ठेवू नका, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पला काही होत नाही.

कॅसेटवाल्यांसाठी जाता जाता. आकाशवाणीवरून घेतलेल्या कॅसेटी स्टिरिओ डेकवर दबक्या वाटतात, त्यात बऱ्याचदा डेकचं टेप वाचणारं हेड तिरकं असतं. मोनोवर टाका, हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव-पाव आटा फिरवा आणि जिथे "स" सगळ्यात खणखणीत लागतो तिथे थांबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा.

तर सगळ्या फाइली इन्व्हर्ट करून, मोनो करून परत ग्रुपवर टाकल्या. आत्याने ऐकल्या. आता खूश होईल म्हटलं. तर म्हणे, "येतंय आता नीट, पण हे चढं वाटतंय रे. अप्पांकडे ऐकायचो तेव्हा एवढं वर नव्हतं." पेटीचे वर्ग घेतलेत तिने तीस वर्षं, वाद घालण्यात अर्थ नव्हता. सगळ्या ७८ च्या तबकड्या नेमक्या ७८ वर रेकॉर्ड झालेल्या नसतात, जुन्यांत फरक असतो, पण आधी आपलं टर्नटेबल तरी ७८ ला फिरतंय का ते बघावं. त्यासाठी स्ट्रोब चकती असते, ७७ रेघांची, आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या दिव्याखाली रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. पण दिवा चोकवाल्या ट्यूबलाइटचा लागतो, हल्लीच्या बऱ्याच एलईडीला तो लपलपाटच नसतो. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये तसली एकच ट्यूब उरलीय, दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात. मग एक्सटेन्शन बोर्ड ओढून रात्री नऊला टर्नटेबल जिन्यात मांडलं, चकती ठेवली, रेघा पुढे पुढे पळताना दिसल्या, म्हणजे वेग जास्त, आत्या बरोबर. पिचचा खटका किंचित मागे घेतला, रेघा थांबल्या. तेवढ्यात खालच्या काकू भाजी घेऊन वर आल्या, पाटावर ठेवलेलं ते सगळं बघितलं, चप्पल बाजूला काढली आणि हळूच विचारलं, "कसली पूजा आहे?"